मधोमध वाकणारी रेघ

मी भ्यालो की भांडतो. अंगावर कुत्रं धावून आलं तर पळायचं सोडून मी त्याच्या मालकाला शिव्या देत उभा राहतो. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात बीडच्या कॅमेरावाल्याशी मी जे भांडलो, ते कशाच्या भीतीनं भांडलो हे माझं मलाच फार उशिरा कळलं.

नांदूरघाटात माझा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या बाजूला पासपोर्ट फोटो, आत लग्नाचे अल्बम, आणि वर्षभर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. बॅनर हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. मधे साहेब, वर साहेबांचे साहेब आणि खाली शुभेच्छुकांची तोंडं. त्यातलं एक तोंड जरी शेजारच्यापेक्षा बारीक झालं, तरी सकाळी दुकान उघडायच्या आधी भांडायला माणूस हजर. पण माझी खरी भाकरी लग्नांवर. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या कारखान्यांवरून परतल्या की आमच्या भागात लग्नांची एकच झुंबड उडते, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत मी घरी फक्त कपडे बदलायला येतो.

गेल्या उन्हाळ्यातल्या लग्नांच्या आधी मी जुना, आरशाचा कॅमेरा काढून टाकला आणि नवा मिररलेस घेतला. जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावला की आतल्या आरशातून समोरचं जसंच्या तसं दिसायचं. नव्यात आरसाच नाही. डोळा लावायच्या जागी आत एक नखाएवढा पडदा असतो, लेन्समधून आलेलं चित्र त्यावर उमटतं आणि आपण ते बघतो. म्हणजे आपण नवरी बघत नाही, नवरीचा टीव्ही बघतो. मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पण अंधारात सुद्धा ह्याला दिसतं, बटण दाबताना आवाज होत नाही, आणि सगळे पोरगे हेच वापरतात, म्हणून घेतला.

कॅमेरा घेणं सोपं असतं. डोकं खाते ती लेन्स. मांडव अख्खा यायला रुंद लेन्स हवी, नवरीच्या चेहऱ्याला पंच्याऐंशी एमएमची हवी, स्टेजवरचा पुढारी लांबून धरायला लांब झूम हवी. शिवाय जुन्या लेन्स बसवायला मधलं कडं हवं, जादा बॅटऱ्या हव्यात, कारण हा नवा गडी बॅटरी खातो म्हणजे किती खातो. मी यादी डोक्यात धरून होतो आणि एकेक वस्तू जमवू असं ठरवलं होतं. तोवर सोबत आलेल्या साध्या लेन्सवर भागवायचं.

पहिलं मोठं लग्न पालीला होतं. दुपारचा मुहूर्त, धरणाकडून गरम वारा, मांडवात पंखे नुसतेच फिरत होते. नवरदेव येऊन बसला. मी डोळा लावला आणि नवरदेवाच्या मागचा मांडवाचा खांब मधोमध वाकलेला दिसला. सगळा सरळ, फक्त मधे, जिथं मी बघत होतो तिथं, गाठ आल्यासारखा. डोळा काढून बघितलं तर खांब सरळ. पुन्हा लावला तर वाकडा.

रुंद लेन्स रेघा वाकवते हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षातच कळतं. पण ती वाकवते कडेच्या रेघा. अगदी मधली रेघ वाकवणारी लेन्स मी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. मनात म्हटलं, फुकट आलेली लेन्स आहे, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची. लग्न तसंच काढलं. जेवणाच्या पंगतीचे फोटो काढताना मात्र मला घाम फुटलेला होता, आणि तो गरमीचा आहे अशी मी माझी समजूत घातली.

कॅमेरा ज्याच्याकडून घेतला त्या बीडच्या दुकानदाराला मी शेठ म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. वयानं माझ्याच बरोबरीचा, बोलायला गोड आणि माल दाखवायला न कंटाळणारा. मी लेन्स काउंटरवर ठेवली.

"शेठ, ही लेन्स गेलीय. मधूनच वाकवती."

"मधून? कडंनं म्हणायचंय का भाऊ तुमाला?"

"मधलं आन् कडंचं कळतं मला. आज आलो का ह्या धंद्यात?"

त्यानं हसून रुंद लेन्स काढून दिली. म्हणाला, चार दिवस वापरून बघा, पटली तर ठेवा. मी ती गावी आणली आणि स्टुडिओच्या लोखंडी शटरसमोर उभा राहिलो. शटरच्या पट्ट्या म्हणजे आडव्या सरळ रेघाच, लेन्स पारखायला याच्याइतकी चांगली जागा नाही. डोळा लावला. कडेच्या पट्ट्या थोड्या वाकल्या, ते रुंद लेन्सचं साहजिक होतं. पण मधल्या पट्ट्या पाण्यातून बघितल्यासारख्या हलल्या. मी कॅमेरा खाली घेतला. समोर चहावाला माझ्याकडे बघत होता. त्याला म्हटलं, "काय बघतोस?" तो बिचारा काहीच बघत नव्हता.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. दुपारी जेवून कुशीवर पडलो होतो, डावा डोळा उशीत दबलेला, हातात मोबाईल. वाचता वाचता मेसेजच्या ओळीतली मधली अक्षरं पुसल्यासारखी झाली. आजूबाजूची अक्षरं जागच्या जागी, आणि मी ज्या अक्षरावर नजर ठेवीन तेच गायब. मी स्क्रीन शर्टाला पुसली. पुन्हा तेच. मग मी उठून बायकोवर ओरडलो, की मोबाईलला तेलकट हात कावून लावती. ती म्हणाली, "मी कशाला लावू तुमच्या मोबाईलला हात?" आणि धुणं वाळत घालायला निघून गेली. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून मेसेज वाचला, तो नीट वाचता आला, आणि मी ती गोष्ट तिथंच सोडून दिली. सोडून दिली म्हणजे तिच्याबद्दल विचार करायचा नाही असं ठरवलं. ते काही जमलं नाही. तेव्हापासून मी एक डोळा झाकायला घाबरायला लागलो.

रुंद लेन्स परत केली, पंच्याऐंशीची आणली. ही लेन्स म्हणजे सरळपणाचा पुतळा, हिच्यात वाकायला काही नसतंच. तीही मधोमध वाकली. आता गंमत बघा, की एवढं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस समजला असता. पण फोटोवाला कधी स्वतःच्या डोळ्यावर संशय घेत नाही. फोकस चुकला तर लेन्स, रंग चुकला तर लाइट, नवरी काळी आली तर मेकअपवाली. डोळा हे आमचं भांडवल, त्यावर बोट ठेवायचं नसतं.

तिसऱ्यांदा बीडला गेलो तेव्हा मी घरूनच भांडण ठरवून निघालो होतो. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी सगळ्यांसमोर सुरू केलं.

"शेठ, तुमी मला वापरलेला माल खपिवला. लेन्स न्हाई, कॅमेराच सडका हाय."

तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, आधी बसा. पाणी घ्या."

"पाणी नको मला. वाकडं दिसतंय त्याचं बोला."

त्यानं माझा कॅमेरा घेतला, समोरच्या मांडणीचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा करून दाखवला. मांडणीच्या फळ्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ. गिऱ्हाइकांनी पण माना डोलावल्या. मग मी म्हणालो, फोटो सरळ आणि बघताना वाकडं, म्हणजे आतला पडदा खराब. हे बोलताना मला बरं वाटलं, कारण दोष कुठंतरी सापडला होता आणि तो त्याच्या मालात होता.

"दाखवतोच तुमाला किती वाकतंय," असं म्हणून मी कॅमेऱ्यातली जाळी चालू केली. जाळी म्हणजे दोन आडव्या, दोन उभ्या रेघा. चित्र तिरकं होऊ नये म्हणून त्या पडद्यावर दिसतात. त्यांच्या शेजारी फळी किती वाकते ते मला मोजून सांगायचं होतं. डोळा लावला. मांडणीच्या मधोमध एक फळी होती, आणि तिच्याजवळून जाळीची रेघ जात होती. फळी वाकली होती. तिच्यासोबत जाळीची रेघही वाकली होती.

जाळीच्या रेघा लेन्समधून येत नाहीत. त्या कॅमेरा स्वतः काढतो. लेन्स काढून ठेवली तरी त्या असतात. हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

एक शेवटची आशा होती, पडद्यावरची काच वाकडी असण्याची. मी कॅमेरा उजव्या डोळ्यावरून काढला आणि डाव्याला लावला. इतक्या वर्षांत डावा डोळा कॅमेऱ्याला कधी लावला नव्हता, हाताला ते काम परकं वाटलं. समोर फळ्या सरळ होत्या. जाळी सरळ होती. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की मांडणीवरच्या डब्यांची अक्षरं वाचता येत होती.

मी तसाच उभा राहिलो. कॅमेरा डोळ्यावरून काढायची हिंमत होईना, कारण काढला की काहीतरी बोलावं लागणार होतं. दुकानदारानं माझं तोंड बघितलं असणार. त्यानं गिऱ्हाइकांना "थोड्या टायमानं या" म्हणून काढून दिलं आणि माझ्या हातातून कॅमेरा अलगद घेतला.

"कोणता डोळा, भाऊ?"

"उजवा," मी म्हणालो. मग लगेच, "शेठ, कुणाला बोलू नका."

"कावून बोलू?"

"आमच्या गावात कळलं ना, फोटोवाल्याला दिसंना म्हणून, तर एक लग्न देणार न्हाईत कुणी."

त्यानं दुकानाचं शटर निम्मं ओढून घेतलं आणि मला स्कूटरवर मागे बसवून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी एक डोळा झाकायचो, उघडायचो. दुसरा झाकायचो. उजव्यानं बघितलं की समोरून येणाऱ्या माणसाला धड होतं, पाय होते, आणि तोंडाच्या जागी मळका डाग होता. अशी किती माणसं बघितली असतील मी त्या महिन्यात, आणि दोष देत होतो काचेला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, बराच वेळ बाकावर बसवलं, मग झगझगीत उजेड डोळ्यात मारून बघत राहिल्या.

"डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. पाणी साचलंय तिथं. शुगर आहे ना तुम्हाला?"

"न्हाई."

"कधी तपासली होती?"

तपासली असती तर असती की नसती हे सांगता आलं असतं. सगळा उन्हाळा ज्याच्या त्याच्या मांडवात बुंदी आणि जिलेबी खाणारा माणूस मी. बोट टोचून घेतलं, आणि जे आलं ते बघून बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मीच घाईनं विचारलं, "नजर जाईल का?"

"संभाजीनगरला पाठवते. तिथं स्कॅन होईल, इंजेक्शन द्यावं लागेल. एकात भागेल असं नाही."

"इंजेक्शन दंडात का कमरेत?"

"डोळ्यात."

मी खुर्चीचा हात धरला. त्या पुढे बरंच काही सांगत होत्या, साखर आटोक्यात ठेवा, दुसऱ्या डोळ्यावर पण लक्ष ठेवा, रोज एकेक डोळा झाकून बघत जा. पूर्वीसारखं होईल का विचारल्यावर म्हणाल्या की सुधारेल, पण पूर्वीसारखंच होईल असं वचन मी देत नाही. दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवा हे वाक्य मी घरी घेऊन गेलो. त्या थेंबांनी सगळं पांढरंफटक दिसत होतं, एसटीतली माणसं उजेडात बुडाली होती, आणि मला वाटत होतं की हे असंच राहिलं तर.

घरी काही बोललो नाही. बायकोला वाटत होतं की मी लेन्सपायी वेडा झालोय, आणि ते मला सोयीचं होतं. संभाजीनगरला निघालो तेव्हा तिनं विचारलं, "आता तिकडं कशाला?" मी म्हटलं, "तिथं मोठं दुकान हाय." साखर वाढली म्हणून चहा बिनसाखरेचा मागायला लागलो, तेव्हा पोट सुटलंय असं कारण दिलं. इंजेक्शनचं मी जास्त लिहिणार नाही. डोळा बधिर करतात, दुखत नाही, पण सुई येताना दिसते. मी देवाचं नाव घेतलं की शेजारच्या नर्सचा हात धरला हे मला नक्की आठवत नाही. दोन्ही केलं असावं.

त्यानंतर चकलांब्याचं लग्न होतं. कबूल करून बसलेलं, सोडता येणार नव्हतं. त्याच्या आधी मी पुन्हा बीडला जाऊन लेन्स निवडली. आजवर मी जवळ जाऊन फोटो काढणारा माणूस. हळदीत माझ्या शर्टाला नवरीच्या आधी हळद लागायची. आता मी निवडली लांब झूम. कारण एकच, लांब उभा राहिलो तर मी कोणत्या डोळ्यानं बघतोय हे कुणाला दिसणार नाही. दुकानदारानं डोळ्याभोवती बसणारं मोठं रबर दिलं आणि कॅमेऱ्यात एक सोय चालू करून दिली. समोर माणूस आला की कॅमेरा आपणहून त्याचा डोळा शोधतो आणि त्यावर छोटी चौकट ठेवतो. माझ्या डोळ्याचं जे व्हायचं ते होवो, ह्याला समोरच्याचा डोळा सापडत होता. मला त्याचा राग आला आणि त्याच्याशिवाय मी उभाही राहू शकलो नसतो.

चकलांब्यात बायका विचारत होत्या, "फोटोवाले, एवढं लांब कावून हुबं? या की फुडं." मी हात हलवून हसायचो. मंगलाष्टकं सुरू झाली. शेवटचं सावधान झालं की अंतरपाट खाली येतो आणि नवरा-नवरी पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. तो फोटो चुकला तर अल्बम चुकला. मी डावा डोळा लावून तयार होतो. अक्षता उडाल्या, अंतरपाट उतरला, आणि नवरीच्या डोळ्यावरची चौकट सरकून मांडवाच्या खांबावर गेली. मी बटण दाबत राहिलो. पुन्हा आणायला गेलो, पुन्हा गेली. मला वाटलं, झालं, आता डावाही गेला.

तसं नव्हतं. डाव्या डोळ्यानं बघताना नाक कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या मोठ्या पडद्याला टेकतं, आणि तो पडदा बोटानं चालणारा. माझं नाकच फोकस सरकवत होतं. हे कळल्यावर दुसरा कुणी हसला असता. मी मांडवाच्या मागे जाऊन जेवणाच्या टेबलांजवळ उभा राहिलो आणि तोंड धुतलं. सुदैवानं त्या फोटोंतले दोन चांगले निघाले. नवरीच्या बापानं अल्बम बघून पाठ थोपटली, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, पण नुसती भीतीच वाटली, की आता पुढचं लग्नही हा मलाच देणार.

रोज सकाळी एकेक डोळा झाकून बघायचं, हे मी इमानदारीनं करत होतो. आधी शटरच्या पट्ट्यांवर करायचो. पण पट्ट्या पाठ झाल्या होत्या. त्या सरळ दिसतात की सरळ असतात हे माहीत आहे म्हणून तशा वाटतात, ते मला ठरवता येईना. म्हणून एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि भाकरी थापणाऱ्या बायकोकडे बघायला लागलो. तिला कळू नये म्हणून डोकं दुखतंय असं तोंड केलं होतं.

"आवं, काय करताय?"

"काय न्हाई. डोकं जड झालंय."

"मंग एक डोळा झाकून माझ्याकडं कावून बघताय?"

ती तवा खाली उतरवून माझ्यासमोर येऊन बसली. "किती दिवस झाले बघती मी. पाणी ओतताना गिलास सोडून ओतता. कॅमेरा ह्या डोळ्याला लावायचात, ते त्या डोळ्याला लावता. इचारावं तर खेकसता." मग तिनं माझा हात बाजूला केला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर स्वतःचा हात ठेवला. पिठाचा ओला हात.

"खरं सांगा. मी दिसती का?"

मी बघितलं. खूप प्रयत्न करून बघितलं, जणू जोर लावल्यानं दिसणार होतं.

"साडी दिसती. बांगड्या दिसतात," मी म्हणालो. "तोंड न्हाई दिसत."

बाहेर कुणीतरी बकरीला हाकलत होतं.

"संभाजीनगरला गेलता ते ह्याच्यासाठी व्हय?"

"हं."

"फुडच्या बारीला मी येती संगं."

आवाज रोजच्यासारखाच होता, भाजी कोणती करू विचारताना असतो तसा. पण माझ्या डोळ्यावरचा हात तिनं काढला नाही. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळे ती तेव्हा रडत होती की नाही, हे मला आजही माहीत नाही.